(क्ष + ७)² मध्ये मुलीचं कुठं चुकतंय?

गवंडी, येळ्ळूर
नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यमात. मी आठवीनंतर शाळा सोडून थापी धरली. काल रात्री ती या गणितावर तासभर अडून बसली होती:

'आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे. कर्ण १३ मीटर आहे. तर लांबी व रुंदी काढा.'

पायथागोरस मला कामातून ठाऊक. पाया आखताना एका दोरीवर ३ फुटाला खूण, दुसरीवर ४ फुटाला, आणि दोन खुणांमध्ये ५ फूट भरले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. हे सांगितल्यावर तिनं रुंदी क्ष धरून समीकरण मांडलं: क्ष² + (क्ष + ७)² = १६९. पुढच्या ओळीत क्ष² + क्ष² + ४९ = १६९ लिहिलं आणि क्ष² = ६० आलं. आता ६० चं वर्गमूळ काही पूर्ण निघेना. मोबाईलवर बघितलं तर उत्तर ५ आणि १२. ते मला पटलं, पण पोरगी म्हणते, "बाबा, उत्तर नको, माझं कुठं चुकलं ते सांगा." तेच मला सांगता येईना. कोणी समजावून सांगाल काय?

निवृत्त गणित शिक्षक, खानापूर
दादा, मुलीनं नेमकं विचारलंय. मांडणी अगदी बरोबर आहे, चूक दुसऱ्या ओळीत आहे. तुमच्याच कामातलं बघा. क्ष बाजूची चौरस खोली आहे. ती पूर्वेला ७ आणि दक्षिणेला ७ मीटर वाढवून पुन्हा चौरस केली. फरशी किती लागेल? जुन्या खोलीला क्ष². नव्या कोपऱ्याला ७ × ७ = ४९. आणि भिंतींलगतच्या दोन लांब पट्ट्यांना प्रत्येकी ७क्ष. या दोन पट्ट्या तिच्या ओळीतून सुटल्या. तिला क्ष च्या जागी १ घालून बघायला सांगा: ८ चा वर्ग ६४, पण १ + ४९ म्हणजे ५०च. उरलेले १४ त्या पट्ट्यांचे.

आता पुढं:
क्ष² + क्ष² + १४क्ष + ४९ = १६९
२क्ष² + १४क्ष − १२० = ०
दोननं भागून क्ष² + ७क्ष − ६० = ०

गुणाकार ६० आणि फरक ७ येईल अशी जोडी १२ आणि ५. म्हणून ७क्ष फोडून १२क्ष − ५क्ष लिहायचं:
क्ष(क्ष + १२) − ५(क्ष + १२) = ०
(क्ष + १२)(क्ष − ५) = ०

क्ष = −१२ सोडायचं, कारण रुंदी ऋण नसते. रुंदी ५ मीटर, लांबी १२ मीटर. ताळा: २५ + १४४ = १६९.

आता तिला कर्ण १७ धरून हेच गणित परत करू दे. बाकी काही सांगू नका.

निपाणीची ताई
सरांनी सगळं सांगितलंय, माझी एकच भर. '−१२ का सोडलं' हे वाक्य वहीत लिहायची सवय लावा. एस.एस.एल.सी.ला, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, पायऱ्यांना गुण असतात. मी पण मराठी माध्यमातलीच. पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतल्यावर सगळं इंग्रजीत आलं, तेव्हा 'वर्गसमीकरण' म्हणजेच 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' हे कळायलाच आठवडे गेले. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवायला सांगा.

गवंडी, येळ्ळूर
सर, ताई, मनापासून आभार. सोप्यातल्या कोब्यावर खडूनं खोली काढली. दोन पट्ट्या मी आखल्या, मधे ७क्ष तिनं लिहिलं, आणि लगेच म्हणाली, "हे मी घेतलंच नव्हतं." मग कर्ण १७ चं तिनं एकटीनं केलं. क्ष² + ७क्ष − १२० = ० पर्यंत सरळ गेली, जोडी शोधायला तेवढा वेळ लागला. रुंदी ८, लांबी १५. −१५ का सोडलं ते पण लिहिलंय. बरोबर आहे काय सर?

निवृत्त गणित शिक्षक, खानापूर
बरोबर. ६४ + २२५ = २८९. शाबास म्हणून सांगा तिला.