मदत हवी आहे: एका दिवसात नगरकोट, चांगुनारायण आणि भक्तपूर जमेल का?

नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यात आई-बाबांना घेऊन काठमांडूला जातोय. एक दिवस खासगी गाडी करून पहाटे नगरकोटला सूर्योदय आणि हिमशिखरं, उतरताना चांगुनारायण, मग भक्तपूर असा बेत आहे. चांगुनारायणच्या देवळाच्या आवारात मानदेव राजाचा इ. स. 464चा स्तंभलेख आहे. बाबांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे तिथे घाई नकोच.

अडचण आईच्या गुडघ्यांची. गाडी थांबते तिथून देवळापर्यंतच्या पायऱ्या तिला झेपतील का? भक्तपूरमधलं उंच पायऱ्यांचं न्यातपोलचं देऊळ खालूनच दाखवू. तिला मध्यरात्रीनंतर उठवण्यापेक्षा आदल्या रात्री नगरकोटलाच मुक्काम करावा का? गाडीचं दिवसाचं भाडं साधारण किती, त्यात पार्किंग धरतात का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.