सकाळी आठला गरम बॉनेट: जुनी एसयूव्ही घेतानाचे अनुभव लिहा

टेकडीवरचा
सकाळी गॅलरीत चहा घेत उभा होतो. समोरच्या विंगमधले शेजारी साडेसातला खाली आले, त्यांची एसयूव्ही चालू केली, दहा मिनिटं तशीच घुरघुरत ठेवली, बंद केली आणि वर गेले. आठला एक तरुण जोडपं गाडी बघायला आलं. पुढचा चहा काही गोड लागला नाही, कारण २०२१ साली त्या पोराच्या जागी मी होतो.

कोथरूडमध्येच एका एजंटाकडून घेतली. २०१६ चं मॉडेल, पेट्रोल, चार मीटरच्या आतली, ५२ हजार किलोमीटर. बघायला गेलो तेव्हा इंजिन गरम होतं. म्हटलं, वा, तयार ठेवलीय बिचाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी घरी सकाळी स्टार्टर मारला आणि डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. तीन-चार सेकंद, मग एकदम चिडीचूप. रोज सकाळी तेवढंच. एकदा तापली की दिवसभर गुणी बाळ. इंजिनातली टायमिंग चेन सैल झाली होती आणि ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरने मान टाकली होती. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरतं, टेन्शनरला परत ऑइलचा दाब मिळेपर्यंत चेन खडखडते. नुकतं बंद केलेलं इंजिन असेल तर काही म्हणजे काही कळत नाही. चेन, टेन्शनर, गाइड, मजुरी धरून ३४ हजार.

तेव्हापासून कुणाबरोबर गाडी बघायला गेलो की आदल्या रात्रीच मालकाला सांगतो, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. आणि गेल्या गेल्या, नमस्काराच्याही आधी, बॉनेटवर हात.

तुमचंही लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत, मग धागा भलतीकडे जातो.

डिझेलदादा
सांगितलंत का मग त्या जोडप्याला?

अर्धाकटिंग
क्लच!! मगरपट्टा ते हिंजवडी रोज जाणाऱ्याची गाडी घेतली. ४१ हजारच किलोमीटर झालेत म्हणून खूश होतो. पण ते सगळे हाफ क्लचवरचे, ते कोण बघणार. त्या रस्त्याला किलोमीटर नाही, तास मोजायचे. एआरएआयच्या चढावर तिसऱ्यात पाय दाबला तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी आहे तिथेच. दोन महिन्यांत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं. म्हणून सपाट रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. चढ दाखवा तिला, बोपदेव घाट काही लांब नाही.

माऊताई
आमच्याकडे सनरूफ. लेकीचा हट्ट. आधीच्या मालकांची गाडी कडुनिंबाखाली उभी असायची, हे नंतर कळलं. पहिल्याच मोठ्या पावसात सासूबाईंच्या बाजूच्या खांबातून थेंब थेंब. त्या म्हणे, "उद्यापासून छत्री घेऊन बसते हो." छताच्या कोपऱ्यांतून पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या पानं आणि मातीने बंद. नळ्या साफ करायला फार लागलं नाही, पण खालच्या कार्पेटखाली पाणी मुरून वायरिंगच्या जोडाला हिरवट बुरशी धरलेली. त्याचं बिल सांगत नाही. आता कुणी विचारलं तर सांगते, सनरूफ उघडा, कडेच्या पन्हळीत कपभर पाणी हळू ओता, गाडीखाली टपकतं का बघा. आणि पायाखालची मॅट उचलून वास घ्या, लाजू नका.

सदाशिवी
मुळात पुण्यात सनरूफ कशाला? उन्हाळ्यात डोकं तापतं, पावसाळ्यात गळतं, उरलेले महिने मेट्रोची धूळ.

माऊताई
लेकीचा नंबर देऊ का, तिलाच विचारा :)

नानापेठी
स्पेअरच्या धंद्यात आहे. पुण्याचे स्पीडब्रेकर म्हणजे आमचे अन्नदाते. काचा बंद, एसी बंद, गाणी बंद करून दहाच्या स्पीडला खड्ड्यातून न्या. बारीक टकटक आली तर बहुतेक वेळा लिंक रॉड, स्वस्तातलं काम आहे, घाबरू नका. ब्रेक दाबताना धप्प आवाज आला तर लोअर आर्मचे बुश बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवताना कटकटकट आली की एक्सल जॉइंट. स्टिअरिंगमध्येच खडखड असेल तर रॅक असू शकतो, तिथे मात्र किंमत पाडून घ्या नाहीतर सोडा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी पण बघा, ती कुणी बघतच नाही.

दुकानात गिऱ्हाईक आलंय, नंतर लिहितो.

पिंपळाखालचा
पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची हे कुणीच लिहिलं नाही अजून. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आम्ही अरण्येश्वरला काढलीय. आंबिल ओढा काय असतो ते तेव्हा कळलं. गाड्या एकमेकींवर चढलेल्या. पुढे जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत तेच. त्या गाड्या कुठे जातात? धुऊन, पॉलिश करून कुणाच्या तरी दारात.

माझ्या मेव्हण्याने अशी एक घेतलीच, तीही लांब सोलापुरात. एमएच १२ पासिंग बघून उलट खूश, पुण्याची नीट वापरलेली गाडी म्हणून. चार महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागला, मग पॉवर विंडो, मग मध्येच हॉर्न आपोआप. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, आतल्या टोकाला मातीची सरळ रेघ. संपलं. सीटखालचे बोल्ट गंजलेले आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ. मेव्हणा अजून म्हणतो, हॉर्न आपोआप वाजायचा ते सोलापुरात बरंच होतं.

अर्धाकटिंग
हाहाहा हॉर्न

हिंजवडीहून_उशिरा
ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या सारख्या नाहीत हे मला पैसे देऊन कळलं. माझी ड्युअल क्लचची, तेही कोरडे क्लच, म्हणजे ऑइलमध्ये न बुडलेले. वाकडच्या सिग्नलला इंचइंच सरकताना थरथरायची, एकदा तर गिअरबॉक्स तापल्याचा मेसेजच आला. टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी सातला घेतली होती, मोकळ्या रस्त्यावर! गर्दीच्या वेळी घ्या. आणि बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्स चढवून बघा. झटके तिथे कळतात.

दोन_पिल्लांचीआई
उंदीर! आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात. गाडी घेतली, आठवड्यात चेक इंजिनचा दिवा. बॉनेट उघडलं तर इन्सुलेशनमध्ये घर केलेलं, शेजारी अर्धं बिस्किट. जुन्या मालकाच्या वेळचं घर होतं, आम्ही फक्त भाडेकरू बदलले.

माऊताई
तंबाखूची पानं ठेव ग बॉनेटमध्ये. आमच्याकडे तेच चालतं.

दोन_पिल्लांचीआई
ठेवली ताई. वॉचमनकाका रोज थोडी थोडी नेतात :( जाते, डब्याची वेळ झाली.

डिझेलदादा
नाव बघून वाटलं असेल की मी डिझेलचा भाट. आहेच. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, काजळी धरणारा फिल्टर. ती काजळी जाळायला (त्यालाच रीजनरेशन म्हणतात) एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ सलग पळावी लागते. औंधातली गाडी, शाळा आणि भाजी, चार किलोमीटर जायचं नि यायचं. कधी पळणार? मी बघायला गेलो तेव्हा डिपस्टिक काढली, ऑइल वरच्या खुणेच्याही वर. मालक म्हणे बघा, ऑइल कमी होतच नाही! अहो काका, अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमधलं डिझेल उतरतंय त्यात. हात जोडले आणि निघालो. रोजचं धावणं शहरापुरतं असेल तर मुकाट पेट्रोल घ्या.

नवीनलायसन्स
गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं, मोबाइलला जोडायचं ते ओबीडी स्कॅनर घ्यावं का? पुढच्या शनिवारी एक बघायला जायचंय.

नानापेठी
घ्या. पण "एकही कोड नाही" बघून हुरळू नका. विकायच्या आधी कोड पुसलेले असू शकतात. त्याच ॲपमध्ये मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, तयार आहेत का ते दिसतं. बरेचसे "नॉट रेडी" असतील तर नुकतंच पुसलंय किंवा बॅटरी काढलीय. विचारा, का म्हणून.

सदाशिवी
यंत्राचं झालं, कागदांचं कोण बघणार? मी गाडी दहादा तपासली, आरसीवरचा बँकेचा बोजा बघितला नाही. कर्ज फिटलं होतं म्हणे, पण फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी देऊन बोजा उतरवलाच नव्हता. विकणारा तोवर परदेशात. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सही करून माझ्या कपाटात, आणि मी आरटीओच्या फेऱ्या घालतोय. पाच महिने. थकलेली चलनं वेगळी, तीही मीच भरली. आणि विकणाऱ्याचा विम्यातला नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. एजंट उलटं सांगतात.

डिझेलदादा
@टेकडीवरचा, उत्तर राहिलंय. सांगितलंत की नाही?

टेकडीवरचा
सांगितलं असं नाही. ओला कचरा घेऊन खाली गेलो. जाता जाता सहज बॉनेटवर हात टेकला आणि शेजाऱ्यांना म्हटलं, "काय हो, सकाळी सकाळी कुठे जाऊन आलात?"

त्या मुलीने लगेच बॉनेटला हात लावला. ती हुशार निघाली. मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आम्ही उद्या सहाला येतो काका, तोपर्यंत चालू करू नका हं."

शेजारी कचऱ्याच्या डब्यापर्यंत माझ्याकडे बघत होते. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले, एकही शब्द नाही. उद्या पाणी सोडायची पाळी त्यांची आहे, बघू आमच्या विंगला येतंय का.

अर्धाकटिंग
उद्या सहाला गॅलरीत चहा घ्या, आणि इथे लिहा.