कोल्हापुरात ऊन पडलंय, तरी पंचगंगा चढतीय कशी?

तळमजलेवाला:
सुतारवाड्याजवळ भाड्यानं राहतो. कालपासून पावसाचा टिपूस नाही, आज तर बायकोनं गाद्या उन्हात टाकल्यात. तरी राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळी ६ ला ३८ फूट ४ इंच होती, १० ला ३८ फूट ८. हे पाणी येतंय कुठून? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, एवढंच ऐकून माहीत. मी सोलापूरचा. आमच्याकडं उजनी भरली की बातमी, विषय संपला. फ्रिज वर चढवू का?

चिखलीचा काका:
दादा, रंकाळ्यावरचं ऊन बघून पंचगंगेचा अंदाज बांधायचा नसतो. गगनबावड्यात, दाजीपुरात काय चाललंय ते विचारा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, सगळ्यांचं पाणी आमच्या चिखलीजवळच्या प्रयाग संगमावर गोळा होतं आणि मग तुमच्याकडं येतं. तिकडं पाऊस थांबला तरी डोंगर गळतच असतो. त्यात राधानगरी. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण ते. तलाव भरला की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. असे सात. एक उघडला की १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. आता किती उघडलेत ते आधी बघा.

आणि इंचाइंचानं चढतंय म्हणून गाफील राहू नका. नदी पात्रात असते तोवर फुटानं चढते. एकदा उसात शिरली की पसरायला जागा मिळते, म्हणून वेग कमी वाटतो. पण तो एक इंच अख्ख्या शिवारावरचा असतो. २०१९ ला ५५ फूट ७ इंच झालं, तेव्हाही आम्ही "इंचच वाढलंय" म्हणत चहा पीत बसलो होतो. मग म्हशी सोडवायला छातीभर पाण्यातून गेलो. २०२१ ला ५६ फूट ३ इंच, पण तेव्हा म्हशी आधीच पाहुण्यांकडं.

मी आकड्यापेक्षा काठ बघतो. कडेला कोरडा पाला, चिपाडं तरंगायला लागली, उसाच्या पानावर मुंग्या वरवर सरकायला लागल्या, की पाणी चढतंय. मागं ओल्या गाळाची पट्टी सोडली की उतरतंय. ती पट्टी दिसेपर्यंत माझी गादी माळ्यावरच असते.

वाडीकर:
काका वरचं बोलले, मी खालचं बोलतो. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कोयनेतून पाणी सोडलेलं असलं, वारणाही भरून आलेली असली, की कृष्णा तुडुंब असते आणि पंचगंगेला आत शिरायला वाट मिळत नाही. पाणी मागं तुंबतं. आम्ही त्याला फूग म्हणतो. शिवाजी पुलावर उभं राहून जलपर्णीचा एखादा गठ्ठा नजरेत धरा. सरसर गेला तर ठीक. घुटमळला तर वरचे सगळे दरवाजे मिटले तरी पाणी लवकर उतरणार नाही.

बावड्याचा पोरगा:
मग खाली कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय?

वाडीकर:
तो वाद दरवर्षीचा आहे, त्याला वेगळा धागा काढ भावा. इथं माणसानं फ्रिजचं विचारलंय.

दसरा चौक:
तळमजलेवाले, तुमच्याकडं नदी समोरून येणार नाही, जयंती नाल्यातून येईल. नदी चढली की नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलटं गल्लीत फिरतं. सुतारवाड्यातली माणसं दर पुरात शहरात सगळ्यात आधी हलवतात ती यामुळंच. फ्रिज आत्ताच चढवा. वीज गेल्यावर अंधारात जिन्यात अडकतो, अनुभव आहे.

तळमजलेवाला:
फ्रिज वरच्या मालकांच्या खोलीत गेला. गाद्याही गेल्या, वाळल्या नव्हत्या तरी. १ वाजता ३८ फूट १० इंच. राधानगरीचे चार दरवाजे उघडे आहेत म्हणे. नाल्याच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून आलोय. काका, इथं ऊस नाही, मुंग्या कुठं बघू?

चिखलीचा काका:
भिंतीवरच बघा. रेघेच्या वर गेल्या की फोन करा, ट्रॉली रिकामीच आहे.