नऊ वर्षांनी परत आले, पण स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटतंय

नमस्कार. नऊ वर्षं परदेशात काढून चार महिन्यांपूर्वी कायमची परत आले. नोकरी लागली, तब्येत ठीक आहे, पैशांची चणचण नाही. तरी रोज संध्याकाळी दारात चप्पल काढताना परक्या घरी आल्यासारखं वाटतं.

तिकडे गेले तेव्हा सगळं अनोळखी असणार हे धरूनच गेले होते. इथे सगळं ओळखीचं असेल असं धरून आले, तेच जड जातंय. अंधारात हात अजून तिकडच्या भिंतीवरचं बटण शोधतो. बोलताना साधा शब्द आठवत नाही, समोरच्याला वाटतं भाव खातेय. तिकडचं काही सांगायला लागले की दोन मिनिटांत विषय बदलतो.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. बाबांना दिवसभरात सात गोळ्या असतात. धाकटा भाऊ त्या त्याच्या शाळेतल्या कंपासपेटीत ठेवतो, प्रत्येक पट्टीवर पेनाने वेळ लिहून. मी आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणली, एका दुपारी बसून पट्ट्या कापल्या आणि सगळं नीट लावलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर डबी रिकामी. कापलेले तुकडे पुन्हा कंपासपेटीत, आणि प्रत्येक तुकड्यावर त्याने नव्याने वेळ लिहिलेली. विचारलं तर म्हणाला, "ताई, तू नव्हतीस तेव्हाही बाबांची एक गोळी चुकली नाही."

मी मदत करायलाच आले होते. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हे असं किती दिवस चालतं? कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
गेलोय. बटणांची सवय आपोआप जाते, शब्दही परत येतात, त्याची काळजी सोडा. मला बाकीचं सगळं जुळायला वर्षाहून जास्त लागलं.

हे तुमच्या एकटीचं नाही. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवरून मांडलं होतं की परदेशात रुळण्याचा आलेख 'यू' अक्षरासारखा असतो: आधी हुरूप, मग खड्डा, मग पुन्हा वर. १९६३ मध्ये गलाहॉर्न या संशोधक पती-पत्नींनी त्याला दुसरा 'यू' जोडला, मायदेशी परतल्यावरचा. दोन्ही मिळून 'डब्ल्यू'. सगळ्यांचा आलेख तसाच असतो असं नाही, पण खड्ड्याला नाव आहे हे कळल्यावर मला तरी हायसं वाटलं.

प्रतिसाद २
मी तुमच्या भावाच्या जागी होतो. माझा दादा अकरा वर्षांनी आला आणि आल्या आल्या घर सुधारायला लागला. त्याचं चुकत होतं असं नाही. पण आईच्या ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी एकटा बसलो होतो आणि त्याला फोनवर "सगळं ठीक आहे" सांगितलं होतं. ठीक नव्हतं. तो एवढ्या लांब, सांगून काय करणार होता? तो परतल्यावर दीड वर्षाने हे मी त्याला बोललो, तेही त्याने विचारलं म्हणून.

तिकडचं ऐकायला कोणी नाही असं तुम्ही लिहिलंय. इथली नऊ वर्षं भावाला कोणी विचारली का? डबी बाजूला ठेवा आणि तेवढं विचारा.

प्रतिसाद ३ (मूळ प्रश्नकर्ती)
दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद वाचून खूप रडले.

काल रात्री विचारलं. आधी "जाऊ दे गं" म्हणाला. मग बोलायला लागला तो अडीचपर्यंत. बाबा दोनदा घरात पडले होते, त्यातलं एकदाही मला कळवलं नव्हतं. एकदा चुकीची गोळी दिली जाता जाता राहिली, तेव्हापासून तो पट्टीवर लिहायला लागला. आणि मी त्या लिहिलेल्या पट्ट्याच कापल्या होत्या.

आज सकाळी गोळ्या काढताना त्याच्या शेजारी बसले. कुठली उपाशीपोटी, कुठली जेवणानंतर, एवढं कळलं. दुपारच्या पट्टीवर त्याने एक बारीक फुली केली आहे, ती कशाची ते विचारायचं राहिलं.