नातेवाइकांचा स्लो पीसी: आल्या आल्या फॉरमॅट मारणं थांबवायला हवं

कृष्णाकाठ
दिवाळीत मिरजेला मामांकडे होतो. मामा निवृत्त मुख्याध्यापक. पीसी 2014 सालचा, असेंबल्ड: चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत घड्याळ लावलं, तर 7 मिनिटं 20 सेकंद. डेस्कटॉपवर बोट ठेवायला जागा नाही. घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, 'केवढा कचरा साठलाय, फॉरमॅट मार आणि मोकळा हो.'

मी मारला नाही, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं नाही. दिसणारा पसारा आणि पीसीचा संथपणा यांचा संबंध आपण समजतो तेवढा नसतो. टास्क मॅनेजर उघडला (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायचं), तर डिस्कच्या रकान्यात 100 टक्के आणि तो आकडा पाच मिनिटं हलेना. प्रोसेसर मात्र 15 टक्क्यांवर निवांत. हार्ड डिस्कची चकती मिनिटाला 7,200 वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावर इकडून तिकडे धावतं. विंडोज सुरू होताना ठिकठिकाणच्या हजारो बारीक फायली वाचाव्या लागतात आणि हेडला सेकंदाला शंभरेक उड्याच जमतात. त्यात 4 जीबी रॅम भरली की उरलेला भार विंडोज त्याच डिस्कवर टाकतं. लग्नाचे फोटो उडवून यातलं काय सुधारणार?

आधी स्टार्टअपमधले, म्हणजे पीसीबरोबर आपोआप सुरू होणारे, अकरा प्रोग्रॅम बंद केले. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते, त्यातल्या एकाची मुदत कधीच संपलेली. दोन्ही काढले, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, चालू केला. वेळ 4 मिनिटं 50 सेकंदांवर आली. मग 512 जीबीचा एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) आणला, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल त्यावर उतरवली, आणखी 4 जीबी रॅम लावली. 48 सेकंद! सगळं मिळून 4,200 रुपये. मामांची एकही फाइल जागची हलली नाही.

आपण फॉरमॅट मारतो तो आपल्या सोयीसाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्क्रूड्रायव्हर
असहमत. सोलापुरात 18 वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवतो, म्हणून लिहितो.

एसएसडीचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण नक्कल केलीत म्हणजे जुनी घाणसुद्धा नव्या डिस्कवर नेलीत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरगुती मशिनांत ब्राउझरला चिकटलेले टूलबार असतात, कुठल्यातरी साइटवरून उतरवलेले 'ड्रायव्हर अपडेटर' असतात, 'पीसी वेगवान करा' म्हणणारे क्लीनर असतात. एक काढला तर दुसरा त्याला परत आणतो. अशा मशिनवर दिवसभर बसून साफसफाई करायची आणि महिन्याभरात गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन दारात. कोऱ्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकलं की माझी दोन तासांत खात्री असते.

दुसरं, पसाऱ्याचा संबंध नाही हे सरसकट खरं नाही. आपल्याकडे असेंबल करताना सी ड्राइव्ह 100 जीबीचा करून बाकी सगळं डी आणि ई मध्ये द्यायची पद्धत होती. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी मध्येच जातं. सी मध्ये 2 जीबी उरले की अपडेट अडतात, तात्पुरत्या फायलींना जागा राहत नाही आणि मशीन रांगायला लागतं. तुमच्या मामांच्या सी मध्ये किती जागा होती, तेवढं सांगा.

सदाफुली
स्क्रूड्रायव्हर, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी माझ्या घरी झालं ते ऐका.

सासऱ्यांनी निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून घराण्याची वंशावळ टाइप केली होती. कोकणातल्या तीन गावांत फिरून, म्हाताऱ्यांना विचारून गोळा केलेली. 2019 मध्ये पीसी फॉरमॅट झाला. बॅकअप रीतसर घेतला होता, फाइल सुखरूप होती. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यांनी युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचा, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारा फाँट वापरला होता आणि तो फाँट कुणी कॉपी करून ठेवला नव्हता. सासरे पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'म्हणजे हे सगळं गेलं का?' फाँटाचं नावही त्यांना आठवत नव्हतं. आम्हाला तो चार महिन्यांनी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पेन ड्राइव्हवर मिळाला. ते चार महिने त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

बॅकअप म्हणजे फोटो आणि डॉक्युमेंट्स एवढंच धरलं जातं. फाँट, ब्राउझरमधले पासवर्ड, बुकमार्क यांची आठवण कुणालाच राहत नाही. फॉरमॅट मारायचाच असेल तर निदान विंडोजमधलं फाँट्सचं फोल्डर आधी उचलून ठेवा.

रात्रपाळी
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. अकरा वर्षांच्या मशिनवर 4,200 रुपये घालणंच चूक. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (पीसीमधली सुरक्षेची सोय) लागतं, चौथ्या पिढीचा आय-थ्री त्यात बसत नाही. यावर मामा पेन्शनचं खातं बघणार? वेग वाढवून दिलात, पण दाराची कडी तशीच सैल. ज्येष्ठांच्या ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज वाचतो आपण. भावंडांनी वर्गणी काढून नवा लॅपटॉप घ्यावा.

कृष्णाकाठ
@स्क्रूड्रायव्हर, सी मध्ये 3 जीबी शिल्लक होते आणि डी मध्ये 300 जीबी रिकामे. हा मुद्दा मी लिहायला हवा होता, मान्य. पण त्यासाठीही काही उडवावं लागलं नाही. डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनचा टॅब असतो, तिथून तो फोल्डरच डी मध्ये हलवला. पडद्यावर मामांना सगळं पूर्वीसारखंच दिसतं. हे आवर्जून केलं, कारण मामा फायलींची नावं वाचत नाहीत, जागा लक्षात ठेवतात. हयातीचा दाखला उजवीकडे वरून तिसरा, वीजबिलं त्याच्या खाली.

क्लीनरबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. आणि 2017 मध्ये सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतूनच मालवेअर पसरलं होतं.

@रात्रपाळी, घरगुती पीसीला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग सिंक केलं तर पैसेही पडत नाहीत. मामांचं तेवढं करून आलोय. त्यापुढचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, तिथे तुमचं म्हणणं खोडता येत नाही.

स्क्रूड्रायव्हर
लोकेशन बदलण्याची युक्ती चांगली आहे, गिऱ्हाइकांना करून देईन. फाँटांचंही लक्षात ठेवतो. तरीही व्हायरस असलेलं मशीन आलं तर मी फॉरमॅटच मारणार. नाही मारला आणि उद्या त्या माणसाच्या खात्यातून पैसे गेले, तर जबाबदारी कुणाची?

एक सगळ्यांनीच बघा. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले' अशी कोपऱ्यात येणारी पाटी बऱ्याचदा व्हायरसची नसते. कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की पाटी बंद. म्हातारी माणसं त्या पाटीला घाबरून तिथला नंबर फिरवतात.

पिंपळपान
वय 71. तुम्ही ज्यांच्या पीसीबद्दल बोलताय, त्यांच्यापैकी मी एक.

रात्रपाळी म्हणतात नवा घ्या. मुलाने मागच्या वर्षी नवा लॅपटॉप दिला, प्रेमाने दिला. त्यावर टायपिंगची सवय व्हायला मला दोन महिने लागले आणि जुना प्रिंटर त्याला जोडला गेलाच नाही. पण रात्रपाळींची भीतीही खोटी नाही. म्हणून आता बँकेचं काम फक्त लॅपटॉपवर करतो आणि लिखाण जुन्या पीसीवर. त्याची इंटरनेटची केबल काढून टाकली आहे.

कृष्णाकाठ, तुम्ही 11 प्रोग्रॅम बंद केलेत. मामा शेजारी बसले होते का? माझा नातू येतो, पंधरा मिनिटांत बोटं चालवतो आणि 'आजोबा, झालं' म्हणतो. काय झालं ते मला कळत नाही. पुढच्या वेळी अडलं की परत त्याची वाट बघायची.

कृष्णाकाठ
नव्हते बसले काका. ते दुपारी झोपले असताना केलं मी सगळं.

आज संध्याकाळी त्यांना फोन केला. प्रिंटरचा स्कॅन आता आपोआप सुरू होत नाही म्हणाले, आणि तीन आठवडे त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं. मी बंद केलेल्या अकरांपैकीच तो एक. फोनवर टास्क मॅनेजर उघडायला सांगितला, स्टार्टअपच्या यादीतली नावं त्यांनी एकेक करून वाचून दाखवली. सातव्या नावाला सापडला, त्यांनीच तो चालू केला. मग म्हणाले, 'थांब, बाकीची दहा कशाची ते सांग, वहीत लिहून घेतो.' चौथ्यापर्यंत आलो होतो, तेवढ्यात मामींनी जेवायला हाक मारली. उरलेली उद्या.