मे महिन्यात मसाई मारा? थोडं थांबा

मुलांच्या सुट्टीमुळे केनियातल्या या अभयारण्यात जायला मे सोयीचा, हे कळतं. पण वाइल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडताना बघायचे असतील तर मे चुकलाच. तेव्हा ते खाली टांझानियात, सेरेंगेटीत असतात. मसाई मारात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. शिवाय मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, काळ्या मातीत जीप रुतते. सिंह, हत्ती, जिराफ मात्र बारा महिने दिसतात आणि मेमध्ये गर्दी नसते. प्रवेश शुल्कही जूनपर्यंत प्रौढाला दिवसाला १०० डॉलर, जुलैपासून २००. चौघांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो.

पीतज्वराची (यलो फीवर) लस किमान १० दिवस आधी घ्या. लसीचा पिवळा दाखला परत येताना भारतातल्या विमानतळावर मागतात, नसेल तर थेट विलगीकरण!

नैरोबीहून छोट्या विमानानं जाणार असाल तर सामान १५ किलो, तेही मऊ बॅगेत. (चकल्या-लाडू त्यातच बसवा.) केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून खाऊ कापडी पिशवीत. आणि स्वेटर हवाच. विषुववृत्त जवळ असलं तरी पहाटेच्या उघड्या जीपमध्ये दात वाजतात.