संग्रहालयाच्या वस्त्रविभागात इंटर्नशिप: नेमकं काय करावं लागतं?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय प्राचीन भारतीय संस्कृती. आमच्याच गावातल्या एका छोट्या संग्रहालयात जून-जुलै इंटर्नशिप मिळालीय. मला नाणी नाहीतर ताम्रपट हवे होते, वाट्याला आला वस्त्रविभाग. म्हणजे एक लोखंडी कपाट, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक नोंदवही. मानधन नाही, चहा आहे. मला साधी टीप घालता येत नाही, पैठणी कुठली नि शालू कुठला हेही आईला विचारावं लागतं. आई म्हणते, "चिंध्याच मोजायच्या तर माझं कपाट आवर की!" असं काम इथे कुणी केलंय का? काय तयारी करू?

पाटीपेन्सिल:
शिसपेन्सिल ने, पेन अजिबात नको. शाईचा ठिपका पडला की कायमचा. आणि नखं काप.

दोरवा:
मी केलंय. दुसऱ्या जिल्ह्यात, तीन महिने, तेही भर पावसाळ्यात.

पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी बांगड्या, अंगठी, घड्याळ, ओढणी सगळं उतरवायला लावलं. मला वाटलं, आता पैठणी हातात येणार. आला वीस मीटर मांजरपाट, साधं कोरं सुती कापड. "गरम पाण्यातून तीनदा काढ, साबण लावू नकोस." कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, त्या खळीवर येते. मागच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून आठवडाभर मी तेच वाळवत होते. घरी सांगायची लाज वाटायची.

मग गुंडाळ्या. जुनं रेशीम घडीवरच तुटतं, म्हणून साडी नळीवर गुंडाळून ठेवायची. नळ्या आम्ही कापडदुकानांतून फुकट आणल्या, ताग्याच्या आत असतात त्या पुठ्ठ्याच्या. पुठ्ठ्यातलं आम्ल कापडात उतरतं, म्हणून आधी पॉलिएस्टरची फिल्म, तिच्यावर धुतलेला मांजरपाट, मग साडी. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, एवढं टेबल आणायचं कुठून? सोमवारी संग्रहालय बंद, तेव्हा मधल्या दालनात चादरी अंथरून आम्ही दोघी दोन टोकांना, गुडघ्यांवर.

चूक झाली तीही सांगते. एक शालू उलगडताना मी काठाला धरून उचलला. सगळं वजन काठावर आलं आणि खारी मोडावी तसा बारीक आवाज झाला. बोटभर चीर. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "नोंदवहीत लिही. तारीख घाल, तुझं नाव घाल." आहे अजून तिथे. तू खालून पुठ्ठा सरकव आणि पुठ्ठा उचल, कापड उचलूच नकोस. सुती हातमोजेही नकोत, जरीत अडकतात. हात धुऊन कोरडे केले की पुरे, जरीसाठी मात्र नायट्रिलचे, म्हणजे डॉक्टर घालतात तसले पातळ रबरी हातमोजे घाल, घामाने ती काळी पडते.

पैठणी-शालूचं सोपं आहे. पदर उलटा करून बघ. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच दिसते, बनारसी शालूच्या पाठीवर बहुधा धागे तरंगतात किंवा कापलेले असतात. आमच्याकडे खणाची एक कुंची होती. अस्तर उसवलं होतं तिथून आत डोकावले, तर पैठणीचा तुकडा, त्यावर मोर, तोही डोकं खाली करून! कुणीतरी विरलेल्या पदरातून बाळासाठी वाचवलेला. नोंदवहीत होतं फक्त "कुंची, जीर्ण, १ नग".

खरं काम तिथेच आहे, नोंदीत. कुठे विरलंय ते बघ. एक नऊवारी कासोट्याच्या जागी जाळी झालेली, घोळाच्या काठाला लाल माती, आणि पदर डोक्यावर येतो तिथे तेलाचा डाग. मला तो डाग काढावासा वाटत होता. मॅडम नाही म्हणाल्या. वहीत देणाऱ्या नातवाचं नाव होतं, नेसणारीचं नव्हतं.

आणि वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. एका जांभळ्या शालूपुढे "पेशवेकालीन" लिहिलं होतं. पेशवाई १८१८ ला संपली. असला भडक जांभळा कृत्रिम रंग पर्किन या रसायनशास्त्रज्ञाला लंडनमध्ये सापडला १८५६ साली!

रंगारी_आळी:
दोरवाताई, जरा दमानं. लाखेच्या लालावर निळीचा हात दिला की नैसर्गिक रंगांतही जांभळा येतो. नुसत्या डोळ्यांनी कसं ठरवलंत?

दोरवा:
ठरवलं नाही हो. घडीच्या आत भडक आणि बाहेरून उडून राखाडी झालेला, म्हणून शंका आली. जुनी नोंद खोडली नाही, शेऱ्यात "रंग तपासून घ्यावा" एवढंच लिहिलं. प्रयोगशाळेकडे पाठवायला पैसे नव्हते.

शुभाकाकू:
विषयांतर होतंय, पण माझ्याकडे सासरच्या पणजीच्या शालूचा पदर आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून. बरोबर ना?

दोरवा:
काकू, गोळ्याही काढा आणि पिशवीही. मऊ झालेल्या जुन्या धोतरात गुंडाळा, दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदला. जरीचे धागे काळे पडले असले तर घासू नका. पदरच का फक्त?

शुभाकाकू:
बाकीची जर आजेसासूबाईंनी सोनाराकडे गाळली गं. त्यांच्या नणंदेच्या लग्नाला चांदी हवी होती. पदर तेवढा आजेसासऱ्यांनी लपवून ठेवला म्हणे.

गोदाकाठची:
दोरवाताई, मांजरपाट आणला! दोनदा उकळत्या पाण्यातून काढला. आता आईलाच उत्सुकता लागलीय. विचारतेय, खळ गेली हे ओळखायचं कसं?

दोरवा:
कोपऱ्यावर आयोडीनचा एक थेंब टाक. निळा-काळा झाला की अजून एकदा धू.